राणी केतेवानचे अवशेष : जुने गोवे ते जॉर्जिया

जॉर्जियाची संत-राणी केतेवान हिच्या अस्थींचा एक भाग भारताने जुलै २०२१ मध्ये त्या देशाला कायमस्वरूपी भेट दिला. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर हे अवशेष घेऊन ९ जुलै रोजी तिबिलिसीला पोहोचले. स्वतंत्र जॉर्जियाला भारतीय परराष्ट्रमंत्र्यांनी दिलेली ही पहिलीच भेट होती. या अस्थी सापडल्या होत्या जुने गोवे येथील सेंट ऑगस्टिन चर्चच्या भग्नावशेषांत.

केतेवान ही पूर्व जॉर्जियातील काखेती राज्याची राणी. १६१४ मध्ये इराणच्या शहा अब्बासशी तडजोडीची बोलणी करण्यासाठी ती गेली आणि ओलीस ठरली. सुमारे दहा वर्षे ती शिराझ येथे बंदिवासात होती. ख्रिस्ती धर्म सोडण्यास तिने नकार दिला. त्यामुळे १६२४ मध्ये तिचा अनन्वित छळ करून वध करण्यात आला. तेथील ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या काही अस्थी मिळवल्या आणि १६२७ मध्ये त्या गोव्यात आणल्या.

१८३५ मध्ये धर्मसंघांवर बंदी आली आणि मठ ओस पडला. १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले, तर १९३१ मध्ये दर्शनी भागासह मनोऱ्याचा निम्मा भाग ढासळला. ढिगाऱ्याखाली अस्थींची जागाही हरवली. पोर्तुगीज कागदपत्रांत मात्र तिची नोंद उरली होती : मठाच्या सभागृहातील खिडकीलगतची दगडी पेटी. जॉर्जियाच्या शिष्टमंडळांनी वारंवार पाठपुरावा केला. अखेर या नोंदीच्या आधारे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने उत्खनन केले आणि २००४ मध्ये अस्थी हाती लागल्या.

त्या राणीच्याच कशावरून, हा प्रश्न उरला. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने डीएनए तपासणी केली. अस्थीत आढळलेला ‘यू-१बी’ हा मातृवंशीय गट भारतातील हजारो नमुन्यांत सापडला नाही. जॉर्जियातील नमुन्यांत मात्र तो आढळला. एकट्या या चाचणीने ओळख सिद्ध होत नव्हती; परंतु कागदपत्रे, जागा आणि डीएनए यांचा मेळ बसला.

२०१७ मध्ये हे अवशेष प्रथम तात्पुरत्या प्रदर्शनासाठी जॉर्जियाला पाठवण्यात आले व वर्षभराने परत आले. २०२१ च्या भेटीनंतर उर्वरित भाग भारतातच राहिला. राणीच्या स्मृतीचे धागे त्यामुळे आजही दोन्ही देशांत आहेत. ज्या वास्तूने त्या अस्थी जवळपास चार शतके सांभाळल्या, तिचा अर्धा मनोरा जागतिक वारसास्थळाचा भाग म्हणून जुन्या गोव्यात उभा आहे.