वेठ, श्रमदान आणि सेवा : कोल्हापूर परिसरातील विद्यार्थिसेवेचा मागोवा

विद्यार्थ्यांच्या समाजसेवेचा इतिहास 24 सप्टेंबर 1969 पासून सांगण्याचा प्रघात आहे. गांधीजन्मशताब्दीच्या त्या वर्षी देशातील 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. शासकीय योजनेचा इतिहास म्हणून हा प्रारंभ बरोबरच आहे. तथापि कोल्हापूर परिसराच्या दृष्टीने तो फार उशिरा होतो, आणि ज्या प्रश्नाने ही योजना घडविली तो प्रश्नच त्यात दिसेनासा होतो. विनामोबदला श्रम करणाऱ्याची इच्छा कोठे संपते आणि त्याच्यावरील सक्ती कोठे सुरू होते, हा तो प्रश्न होय.

अशा श्रमास मराठीतील जुना शब्द 'वेठ' हा आहे. त्याचे मूळ संस्कृत 'विष्टि' या शब्दात आहे. पुढे त्यास फार्सी 'बेगार' येऊन मिळाला व 'वेठबिगार' हा जोडशब्द तयार झाला. एकाच अर्थाचे दोन भाषांतील शब्द शेजारी बसविण्याची ही रीत 'कागदपत्र', 'बाजारहाट' यांतही दिसते. करवीर संस्थानात वेठ ही केवळ शब्दकोशातील वस्तू नव्हती. वतनाच्या नावाखाली महार समाजाला ती पिढ्यान्‌पिढ्या करावी लागे. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 साली महार वतने रद्द केली व त्याच सुमारास वेठबिगारीसही बंदी घातली.

'श्रमदान' हा शब्द सर्वतोमुखी झाला तो स्वातंत्र्यानंतर, विशेषतः 1951 मध्ये भूदानाची चळवळ सुरू झाल्यावर. धर्मशास्त्राच्या परिभाषेत दान म्हणजे स्वतःच्या वस्तूवरील स्वत्व सोडून तेथे दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे. जे आपले नाही त्याचे दान करता येत नाही. ज्याच्या आजोबाचे श्रम स्वतःच्या मालकीचे नव्हते, त्या नातवास श्रमदानाचे आवाहन करताना शब्दाबरोबर त्याचा सामाजिक दर्जाही बदललेला आहे, हे गृहीत धरले जाते. ते प्रत्यक्षात कितपत घडले, हे गावोगावच्या शिबिरांतूनच पाहावयास हवे.

कोल्हापुरातील वसतिगृहांचा प्रारंभ 1901 सालच्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून धरतात. 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. या वसतिगृहांतील विद्यार्थी समाजाकडून घेणारा होता. माधुकरी मागणाऱ्या किंवा वार लावून जेवणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यापेक्षा त्याची स्थिती अधिक सन्मानाची, एवढाच फरक. खरा पालट केला तो भाऊराव पाटलांनी. ते स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेले. मिस क्लार्क वसतिगृहातील समारंभास गेल्याबद्दल स्नान करावे, ही अट त्यांनी मानली नाही व बोर्डिंग सोडले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. 1919 साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि 1924 मध्ये साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहून स्वयंपाकापासून शेतापर्यंतची कामे करू लागली. हे श्रम वेठ नव्हते, आणि दानही नव्हते. त्यांतून मुलगा आपले शिक्षण कमावीत होता. हीच कल्पना 1947 साली निघालेल्या साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात गेली. 1962 मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी 'कमवा व शिका' या नावाने ती रुजविली. सेवा योजनेच्या इतिहासकारांनी हा धागा बहुधा सोडून दिला आहे, ही खेदाची गोष्ट होय.

दुसरा धागा गारगोटीचा. जे. पी. नाईक यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या मौनी विद्यापीठात 1956 साली ग्रामीण उच्च शिक्षणाची संस्था सुरू झाली. तेथे विस्तारकार्य हा अभ्यासाचाच भाग होता. हेच नाईक पुढे कोठारी आयोगाचे (1964-66) सदस्य-सचिव झाले, आणि त्या आयोगाने समाजसेवेचा अंतर्भाव शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर करावा, अशी शिफारस केली.

मधल्या काळात दिल्लीत सक्तीचा वाद रंगला होता. 1959 साली चिंतामणराव देशमुख यांच्या समितीने राष्ट्रीय सेवा अनिवार्य करावी असे सुचविले. त्यासाठी लागणारा पैसा व संघटना पाहता ते झेपणारे नव्हते. के. जी. सय्यदैन यांनी अन्य देशांतील युवकसेवेचा अभ्यास करून ती ऐच्छिक असावी असे मत दिले. चीनशी झालेल्या युद्धानंतर 1963 मध्ये राष्ट्रीय छात्रसेना अनिवार्य झाली, तेव्हा सक्तीचा अनुभवही पदरी पडला. 1967 मध्ये राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने छात्रसेनेस पर्याय म्हणून सेवा योजनेचा विचार मान्य केला. सारांश, 1969 ची योजना ऐच्छिक झाली ती केवळ तत्त्वनिष्ठेने नव्हे. व्यवहाराचाही तीत मोठा वाटा होता.

ऐच्छिकतेला मोजमाप मात्र पहिल्यापासून जोडलेले आहे: वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास व एक निवासी शिबिर. 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील अभ्यासक्रमांत या सेवेस श्रेयांकही मिळू लागले आहेत. श्रेयांकासाठी केलेले काम भाऊरावांच्या अर्थाने कमाईच्या जवळ जाते, मग त्यास दान का म्हणावयाचे, असा भाषिक पेच येथे उभा राहतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर करवीर व शिरोळ तालुक्यांतील घरांतून गाळ उपसण्यास महाविद्यालयांतील मुले-मुली उतरली, तेव्हा त्यांच्यात योजनेत नाव नोंदविलेले होते, तसेच न नोंदविलेलेही होते.