ट्रॅक्टरला सिंथेटिक ऑइल? आधी जुन्या ऑइलचा रिपोर्ट बघा

ऑइल काळं पडलं म्हणजे वाया गेलं, असं नाही. डिझेल इंजिनात काजळीमुळे ते काळं होतंच. खरी स्थिती वापरलेल्या ऑइलच्या लॅब रिपोर्टमधून कळते. जिंतूरच्या शेतात मळणी-नांगरणीच्या धुळीत चालणाऱ्या ट्रॅक्टरचं आधी सिलिकॉन बघा. सोबत लोखंडही वाढलं असेल, तर बहुधा धूळ आत जाऊन इंजिन झिजतंय. तिथे महागडं सिंथेटिक ओतून काय होणार? एअर फिल्टर आणि त्याचा पाइप तपासा.

मग दाटपणा. १५डब्ल्यू-४० ऑइलचा तो १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असतो. घसरला असेल तर डिझेल मिसळतंय का, ते पाहा. धूळ, पाणी, काजळी मर्यादेत असूनही ऑइल तापून दाट होत असेल, तर सिंथेटिकचे पैसे वसूल होतात.

नमुना इंजिन गरम असताना, पहिली धार सोडून, कोरड्या बाटलीत घ्या.