'टी' तुटला की 'आय' होतो: मोर्स, समुद्र आणि इंटरनेट

मोर्स लिपीत अर्थ ध्वनीत नसतो, ध्वनीच्या लांबीत असतो. मिनिटाला 20 शब्दांच्या गतीला डॉट 60 मिलिसेकंदांचा आणि डॅश त्याच्या तिप्पट, म्हणजे 180चा. एकटा डॅश म्हणजे 'टी'. दोन डॉट आणि मध्ये एका डॉटएवढी शांतता म्हणजे 'आय'. आजचा हौशी रेडिओचालक घरबसल्या दूरच्या केंद्रावरून मोर्स पाठवतो, तेव्हा त्याचा ध्वनी इंटरनेटवरून बहुधा 20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो. डॅशच्या ऐन मधले तीन तुकडे गळाले, की पलीकडे नेमका 'आय' ऐकू येतो. बोलण्यातली एवढी गळती कान सहज सांधून घेतो. मोर्समध्ये अक्षरच बदलते.

लांबीवर विसंबण्याची ही अडचण जुनी आहे. 5 ऑगस्ट 1858 रोजी आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांना जोडणारी अटलांटिकखालची पहिली केबल पूर्ण झाली. व्हिक्टोरिया राणीचा 98 शब्दांचा संदेश पलीकडे जायला सुमारे 16 तास लागले! तिथे संकेत गळत नव्हते, पसरत होते. लांब केबल विद्युतभार साठवून ठेवी आणि एका डॉटची शेपटी पुढच्या डॉटमध्ये मिसळे. केबलची लांबी दुप्पट झाली तर हा विलंब चौपट होतो, हे विल्यम थॉमसन यांनी गणिताने आधीच दाखवले होते. कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांना ते मान्य नव्हते. (पेशाने ते शल्यचिकित्सक होते.) त्यांनी सुमारे 2000 व्होल्टचा दाब लावला. मुळात सदोष असलेली केबल सप्टेंबरात मुकी झाली.

थॉमसन यांनी जोर पाठवणाऱ्या टोकाला न लावता ऐकणारे टोक सूक्ष्म केले. त्यांच्या गॅल्व्हानोमीटरमध्ये तारेच्या वेटोळ्यात एक चिमुकला आरसा टांगलेला असे. क्षीण प्रवाहानेही तो हले आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर सरके. पुढे समुद्री केबलवर डॉट आणि डॅश सारख्याच लांबीचे झाले: एकासाठी ठिपका एका बाजूला, दुसऱ्यासाठी विरुद्ध बाजूला. अर्थ लांबीतून काढून दिशेत ठेवला गेला. या कथेतला सर्वांत चतुर निर्णय हाच.

इंटरनेटवर पहिला उपाय बफरचा. आलेले तुकडे क्षणभर अडवून, क्रम लावून मग वाजवायचे. बफर मोठा केला की उशिरा आलेले तुकडेही सामावतात. मात्र संभाषणातली तत्परता जाते. वाय-फायऐवजी वायरची जोडणी घेतल्यानेही पुष्कळ फरक पडतो.

याहून मूलगामी उपाय म्हणजे ध्वनी पाठवायचाच नाही. कळ कधी दाबली आणि कधी सुटली, एवढ्या वेळांचीच नोंद पाठवायची. सूर पलीकडचे यंत्र स्वतः निर्माण करते. वाटेत वेग कमीजास्त झाला तरी नोंद बफरच्या मुदतीत पोहोचली, तर डॅश 180 मिलिसेकंदांचाच राहतो. धोका एकच: कळ सुटल्याची नोंद हरवली, तर सूर वाजतच राहील. नोंदी इवल्याशा असल्याने मागच्या काही नोंदी प्रत्येक नव्या पाकिटात पुन्हा घालता येतात. एक पाकीट गळाले, तरी पुढचे ती भर काढते.