बफरब्लोट

बफरब्लोट म्हणजे राउटर किंवा मोडेमच्या बफरमध्ये गरजेपेक्षा जास्त पॅकेटे साचून संगणक जाळ्यात निर्माण होणारा विलंब होय. जिम गेटिस यांनी २०१० मध्ये या समस्येकडे लक्ष वेधले.

कारण

टीसीपी हा नियमसंच मुख्यतः पॅकेटे गहाळ झाल्यावर पाठवण्याचा वेग कमी करतो. मोठा बफर पॅकेटे गहाळ न होऊ देता साठवत राहतो. त्यामुळे वेग घटत नाही आणि रांग वाढते. १ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाच्या जोडणीवर २५० किलोबाइटचा बफर भरल्यास प्रत्येक नव्या पॅकेटला २ सेकंद थांबावे लागते.

परिणाम

फाइल पाठवताना हा विलंब फारसा जाणवत नाही. ध्वनिसंभाषणासाठी मात्र आयटीयूच्या जी.११४ शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असणे इष्ट असते. ऑनलाइन खेळांत खेळाडूची कृती उशिरा नोंदली जाते.

उपाय

कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली 'कोडेल' पद्धत रांगेची लांबी न पाहता पॅकेट रांगेत किती वेळ थांबले हे मोजते आणि विलंब टिकून राहिल्यास काही पॅकेटे वगळते. 'एफक्यू-कोडेल' पद्धतीत (आरएफसी ८२९०, २०१८) विविध प्रवाह वेगवेगळ्या रांगांत विभागले जातात. त्यामुळे संभाषणाची लहान पॅकेटे मोठ्या फाइलमागे अडकत नाहीत.