फोटो-कार्डाची दुसरी प्रत

घरच्या माणसांचे फोटो मोबाइलवर जुळवायचे, खाली चार ओळी लिहायच्या, इंटरनेटवरून त्याचे छापील कार्ड मागवायचे आणि ते थेट आजी-आजोबांच्या किंवा मामांच्या पत्त्यावर पाठवायचे, हे आता धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यात बसूनही करता येते. ही सोय नवी आहे. मात्र कल्पना नवी नाही. ती इंटरनेटपेक्षाच काय, विजेच्या दिव्यापेक्षाही जुनी आहे.

१८३९ साली फ्रान्समध्ये दगेरने जाहीर केलेल्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटे. चित्र अत्यंत रेखीव, पण एकच. पत्रा हरवला की माणसाचा चेहरा हरवला. इंग्लंडमध्ये टॅल्बटने आधी उलटे चित्र, म्हणजे निगेटिव्ह, घेऊन त्यावरून हव्या तेवढ्या सुलट प्रती काढण्याची वाट १८४१ साली पेटंट घेऊन पक्की केली. तिचा खरा व्यापारी फायदा उठविला तो पॅरिसच्या दिसदेरीने. १८५४ साली त्याने एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याचे पेटंट घेतले. साधारणपणे एका काचेवर आठ फोटो बसत. एकाच वेळी कागदावर छापून, कापून ते सुमारे ६ सेंटिमीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच अशा पुठ्ठ्यावर चिकटवीत. आकार भेटकार्डाएवढा, म्हणून नावही तेच पडले: कार्त द व्हिजित. १८६० साली इंग्लंडच्या राजघराण्याचे असे फोटो विक्रीस निघाले आणि घरोघरी अल्बम ठेवण्याची लाटच आली. आपला फोटो नातेवाइकांना द्यायचा, त्यांचा आपल्या अल्बममध्ये लावायचा. आज जे चालते तेच.

या कार्डाचे रसायनशास्त्र दहावीच्या वर्गात सांगण्यासारखे आहे. अंड्याच्या पांढऱ्या बलकात मीठ कालवून त्याचा थर कागदावर देत. तो वाळल्यावर कागद सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणावर तरंगत ठेवीत. मिठाशी क्रिया होऊन सिल्व्हर क्लोराइड तयार होई. निगेटिव्हखाली हा कागद उन्हात ठेवला की प्रकाश लागेल तेथे चांदीचे सूक्ष्म कण सुटे होत आणि कागद काळपट-तपकिरी पडे. नंतर सोन्याच्या क्षाराने रंग पक्का करीत आणि उरलेले सिल्व्हर क्लोराइड ‘हायपो’ने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटने, धुऊन काढीत. ही धुलाई अपुरी झाली की कागदात राहिलेले गंधकाचे संयुग हळूहळू चांदीशी क्रिया करी आणि फोटो पिवळा पडे. जुन्या अल्बममधील दोन फोटो शेजारी-शेजारी असून एक ताजा व दुसरा फिका का, याचे एक कारण पाण्याच्या बादलीत दडलेले असते.

मुंबईत हे तंत्र फारसे मागे राहिले नाही. १८५४ सालीच तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी एक आणि चांगले फोटोग्राफरही होते. परंतु आपला जिल्हा मुंबई इलाख्यात नव्हता. १९४८ पर्यंत तो हैदराबाद संस्थानात होता. एकोणिसाव्या शतकात त्याचे मुख्य ठिकाण नळदुर्ग. त्यामुळे येथल्या माणसांच्या दृष्टीने फोटोग्राफीची राजधानी हैदराबाद-सिकंदराबाद. तेथे राजा दीनदयाळ यांचा स्टुडिओ होता. रुरकीला अभियांत्रिकी शिकलेले हे गृहस्थ सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. पडदा पाळणाऱ्या घरातील आई-बहिणींचे फोटो निघायचे तर पुरुष छायाचित्रकार चालणार नव्हता. ही गोष्ट आम्हाला कोणत्याही नव्या कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाची वाटते. फोटोत कोण येते हे केवळ भिंगावर ठरत नाही.

कार्ड तयार झाले तरी ते पोचले पाहिजे. हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी कोडक कंपनीने पोस्टकार्डाच्या आकाराचा फोटोचा कागद आणि त्याच मापाची निगेटिव्ह देणारा कॅमेरा बाजारात आणला. आता घरचा फोटोच पत्र म्हणून टपालात टाकता येऊ लागला. निजामाच्या मुलखात मात्र एक अडचण होती. संस्थानची स्वतःची टपाल तिकिटे होती आणि ती संस्थानाच्या हद्दीतच चालत. नळदुर्गहून सोलापूर पन्नासएक किलोमीटर. पण सोलापूर इंग्रजी मुलखात, म्हणून तेथे पाठवायच्या पत्राला इंग्रजी तिकीट हवे. सोयरीक हद्द पाहून होत नसते, हे सीमेवरच्या कुटुंबांना सांगायला नको.

या साऱ्या इतिहासात एक गोष्ट सहसा नजरेआड राहते. दुसऱ्याच्या घरी पाठविलेला फोटो ही भेट तर असतेच, पण ती दुसऱ्या ठिकाणी सुरक्षित ठेवलेली प्रतही असते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसे गेली. किल्लारी, सास्तूर यांसह सुमारे ५२ गावे पूर्ण उद्ध्वस्त झाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचे वजन माणसांवर कोसळले. त्याच भिंतींवर घरातल्या तसबिरी होत्या. ज्या घरात कर्ता गेला आणि त्याचा एकुलता एक फोटोही ढिगाऱ्याखाली गेला, तेथे मुलांना बापाचा चेहरा दाखविण्यासाठी काही उरत नाही. लग्नाच्या फोटोची एक प्रत पुण्याला मामाकडे किंवा निगेटिव्ह गावाबाहेरच्या स्टुडिओत असेल, तरच तो चेहरा परत मिळू शकतो. दिसदेरीने एका काचेवर आठ फोटो बसविले ते स्वस्त पडावेत म्हणून. पण त्यातून आठ घरांत आठ प्रती गेल्या, हा त्याचा न सांगितलेला लाभ.

आजची स्थिती विचित्र आहे. फोटो पूर्वी कधी नव्हते इतके निघतात, पण बहुधा एकाच मोबाइलमध्ये पडून असतात. आपण समजतो की ते नातेवाइकांना पाठविले आहेत. प्रत्यक्षात पाठविली जाते ती अशक्त प्रत. फोटो लहान करून साठविण्याच्या जेपीईजी या पद्धतीच्या मुळाशी एक गणिती कृती आहे. बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद यांनी दोन सहकाऱ्यांसह ती १९७४ साली प्रसिद्ध केली. जेपीईजीचे मानक १९९२ साली ठरले. चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातील छटांचे सावकाश बदल आणि जलद बदल वेगळे काढायचे आणि डोळ्याला फारसे न जाणवणारे जलद बदल ढोबळ करून टाकायचे. पाहताना फरक कळत नाही. पण संदेशाच्या अ‍ॅपवरून जाताना फोटोचे ठिपकेही सहसा कमी केले जातात आणि तोच फोटो पुन्हा-पुन्हा जतन करून धाडला की थोडे आणखी गळू शकते. गेलेला तपशील परत येत नाही.

इंटरनेटवरून कार्ड मागविताना हे उघडे पडते, कारण कागद पडद्यापेक्षा कडक परीक्षक आहे. चांगल्या छपाईला इंचास ३०० ठिपके धरतात. म्हणजे ६ × ४ इंचांच्या कार्डाला १८०० × १२०० ठिपके, एकूण २१ लाख ६० हजार. ८०० × ६०० ठिपक्यांचा, फिरून आलेला फोटो त्यावर ताणला तर इंचास जेमतेम १३३ ठिपके पडतात आणि आजीच्या डोळ्यांच्या कडा पुसट होतात. विद्यार्थ्यांना आपापल्या घरच्या फोटोचे असे गणित करावयास सांगावे. भागाकाराचा याहून जिवंत दाखला आम्हाला सुचत नाही. मूळ फाइल हवी असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी. रंगही थोडे बदलतात: पडदा लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळतो, तर छापखाना निळसर, किरमिजी, पिवळी व काळी शाई.

शेवटचा टप्पा पुन्हा टपालाचा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. तो संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखला. धाराशिव शहराचा पिन ४१३५०१. सोलापूरचा ४१३००१. एके काळी ज्या दोन गावांमध्ये तिकिटांची हद्द होती, त्यांचे पहिले तीन आकडे आज एक आहेत.

मोबाइलच्या आधीचे, भिंतीवरचे फोटोही कार्डांवर आणता येतात. त्यासाठी तसबीर उघडण्याची घाई मात्र करू नये. दमट हवेत फोटोवरील जिलेटिनचा थर काचेला चिकटतो आणि ओढला की चेहऱ्यासकट सुटून येतो. तसे दिसले तर काच तशीच राहू द्यावी. तसबीर सावलीत, खिडकीच्या उजेडात तिरपी धरावी, म्हणजे काचेवर झळाळी येत नाही. मागे काळे कापड धरून सरळ समोरून फोटो घ्यावा. पाठीवर काही लिहिले असेल तर त्याचाही घ्यावा. नावे नसतील तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून ती नव्या कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहावीत, गावासह आणि सालासह.