नक्कल आणि रुजवात

सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर नावाचे स्थानक आहे. त्याच्या फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत पडतो. तिथल्या एका बाकावर सीमारेषा काढून दोन्ही बाजूंना दोन राज्यांची नावे लिहिली आहेत. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्याच्या नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील काही गावे गुजरातेत गेली. ‘गेली’ ही आपली बोलण्याची रीत. गावे होती तिथेच राहिली. गेले ते त्यांचे दप्तर.

या भागाचे दप्तर असे वरचेवर हलत आले आहे. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिम खानदेश पुढे धुळे जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार हा सहा तालुक्यांचा वेगळा जिल्हा निघाला. प्रत्येक वेळी कोणते कागद कुठे जायचे, कशाची नक्कल ठेवायची, कशाचे अस्सल पाठवायचे, हा प्रश्न आलाच असणार. आज हाच प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना घरबसल्या पडतो. शाळेच्या फायली एका कंपनीच्या साठवणुकीत असतात, जागा संपते किंवा दर वाढतात, आणि सगळा पसारा दुसऱ्या कंपनीकडे न्यावा लागतो. त्यासाठी प्रोग्रॅम मिळतात. रात्री चालू करावा, सकाळी काम झालेले असते. निदान पडद्यावर तसे लिहून येते.

जुन्या कचेऱ्यांत या कामाचे दोन भाग असत आणि त्यांना दोन शब्द होते. कागदाबरहुकूम दुसरा कागद लिहिणे म्हणजे नक्कल. नक्कल आणि अस्सल शेजारी ठेवून, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने पाहत जायचे, ही रुजवात. नक्कल करणाऱ्याने आपल्याच नकलेची रुजवात घेतली तर तिला फारसा अर्थ नसे, कारण माणूस आपली चूक दुसऱ्यांदाही तशीच वाचतो. नक्कल यंत्राकडे गेल्यावर रुजवातीचे काय झाले, ते पाहण्यासाठी आम्ही नंदुरबारच्या जमिनीच्या कागदांचा माग घेणार आहोत.

पहिले स्थलांतर लिपीचे. जुने दप्तर मोडीत होते, नंतरचे बाळबोधीत आले. मोडी ही भरभर लिहिण्याची लिपी. तीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद सहसा करीत नाहीत. म्हणजे मोडीतून बाळबोधीत नाव उतरवताना, मूळ कागदावर नसलेली माहिती कारकुनाला पदरची घालावी लागे. ऐकण्यात असलेल्या नावांच्या बाबतीत हे सहज जमते. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल कुटुंबांची नावे मैदानातून आलेल्या कारकुनाच्या कानाला सवयीची नव्हती. त्याला जे वाटले ते नाव पुढच्या नकलेत अस्सल होऊन बसले.

दुसरे स्थलांतर मापांचे. १ एप्रिल १९५७ पासून रुपया-आणे-पै जाऊन नवे पैसे आले. १९२ पैंचे १०० पैसे झाले. ७ आणे ४ पै आकारणी असेल तर ८८ पै, म्हणजे ४५.८३ पैसे. ते ४६ लिहायचे. पैशांचे एक वेळ सोडून देऊ. जमिनीतही एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर आले. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ आहेत की पुष्कळ जण गुंठा आणि आर एकच समजतात. आता १७ गुंठ्यांचा तुकडा घ्या. त्याचे १७.२ आर होतात. आरच्या पुढचा आकडा सोडून दिला तर सुमारे २० चौरस मीटर, म्हणजे एका बऱ्या खोलीएवढी जागा कागदावरून उडाली. असे शंभर तुकडे असले तर जवळजवळ अर्धा एकर जाईल, आणि कुणीही चोरी केलेली नसेल. (हे उदाहरण सातवीच्या वर्गात घालून पाहावे. मुले प्रथम मानत नाहीत.)

अशी गळती पकडण्याची सोय मात्र त्या पद्धतीतच होती. गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणीची पद्धत १८३५ च्या सुमारास इंदापूरकडे सुरू झाली आणि पुढे खानदेशात आली. लोकांना ती गोड वाटली नाही, १८५२ साली खानदेशात मोजणीविरुद्ध दंगे झाले. पण त्या मोजणीतून प्रत्येक गावाचा आकारबंद तयार झाला. त्यात प्रत्येक सर्व्हे नंबरचे क्षेत्र, आकार आणि शेवटी गावाची बेरीज असते. पुढे हक्कनोंदणीचा १९०३ चा कायदा आला आणि आजच्या सातबाऱ्याची, म्हणजे गाव नमुना सात आणि बारा यांची घडण होत गेली. गावातल्या सगळ्या सातबाऱ्यांवरचे क्षेत्र मिळवले तर ते आकारबंदाच्या बेरजेएवढे आले पाहिजे. आले नाही तर कुठेतरी चूक आहे. कुठे, हे बेरीज सांगत नाही. पण आहे, एवढे नक्की सांगते.

आपण शाळेत याला ताळा म्हणतो. नवाच्या ताळ्यात संख्येतील अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करीत जायचे. ४५३ चा ताळा ३ (४+५+३=१२, १+२=३). नकलेत ४५४ पडले तर ताळा ४ येतो आणि चूक पकडली जाते. पण लिहिताना अंकांची अदलाबदल होऊन ४३५ झाले तर? ताळा पुन्हा ३ च. आणि माणसाच्या हातून ही अदलाबदल फार होते. यावर उपाय म्हणजे अंकांना त्यांच्या जागेप्रमाणे वजन देणे. ४५३ साठी ४×१ + ५×२ + ३×३ = २३, आणि ४३५ साठी ४×१ + ३×२ + ५×३ = २५. पुस्तकांच्या आयएसबीएन क्रमांकातील शेवटचा अंक याच कल्पनेवर काढलेला असतो. याहून पक्की युक्ती डच गणिती याकोबुस व्हर्होफ यांनी १९६९ साली मांडली. तीत एका अंकाची कोणतीही चूक आणि शेजारच्या दोन अंकांची कोणतीही अदलाबदल हमखास सापडते. आधार क्रमांकाचा बारावा अंक हा व्हर्होफ यांचा ताळाच आहे. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले ते नंदुरबारच्याच शहादा तालुक्यातील टेंभली गावी. तेव्हा या जिल्ह्यातल्या शिक्षकांना वर्गात हा विषय काढायला दुसरे निमित्त शोधायला नको.

आता संगणकाकडे वळू. जमिनीच्या नोंदी संगणकावर नेण्याची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ मध्ये आठ राज्यांतील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा निवडला होता. त्या काळी संगणकावर देवनागरी अक्षरे कोणत्या क्रमांकांनी साठवावीत यावर एकमत झालेले नव्हते. ‘इस्की’ हे भारतीय मानक होते, १९९१ मध्ये ते सुधारून निघाले, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. पण बाजारातले कित्येक फॉन्ट आपापले वेगळे क्रमांक वापरीत. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या जुन्या फ्लॉप्या अजून कपाटात आहेत. त्या वाचणारे यंत्र नाही, आणि यंत्र मिळाले तरी तो फॉन्ट नाही.

हे दुखणे केवळ आपले नव्हे. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाने जमिनीची मोठी पाहणी करवली. ती डूम्सडे बुक या नावाने प्रसिद्ध आहे. तिला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवी पाहणी केली. हजारो शाळांतल्या मुलांनी आपापल्या परिसराची माहिती पाठवली आणि ती सारी लेझरच्या तबकड्यांवर घातली. पंधरा वर्षे होतात न होतात तोच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांना त्यासाठी लिहावा लागला. १०८६ चे पुस्तक मात्र लॅटिन जाणणारा कुणीही वाचतो. अगदी अलीकडे, मार्च २०१९ मध्ये, मायस्पेस या कंपनीने सांगितले की सर्व्हर बदलताना लोकांनी तिच्याकडे ठेवलेली अनेक वर्षांची गाणी आणि छायाचित्रे गेली.

आमच्यावरही एकदा लहान प्रमाणात ही वेळ आली. धडगाव भागातल्या विहिरींच्या पाण्याचे नमुने आम्ही काही वर्षे तपासत होतो. नोंदींच्या फायली एका कंपनीच्या साठवणुकीत होत्या. त्या दुसरीकडे हलवायच्या ठरल्या. प्रोग्रॅम लावला, सकाळी ‘पूर्ण’ असा संदेश होता. आमच्यातल्या एकाने सवयीने दोन्हीकडची संख्या मोजली. निघाल्या होत्या २,३१४ आणि पोहोचल्या २,३१३.

दोन दिवस शोधल्यावर चोर सापडला. तो ‘ऱ’ होता. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावाच्या दोन फायली एकाच फोल्डरमध्ये होत्या. दिसायला नाव अगदी एक, पण दोन माणसांनी दोन संगणकांवर लिहिलेले. युनिकोडमध्ये आपला ‘ऱ’ एका क्रमांकानेही साठवता येतो, आणि ‘र’ अधिक खालचा नुक्ता अशा दोन क्रमांकांनीही. जुन्या ठिकाणी ही दोन वेगळी नावे होती. नवे ठिकाण शहाणे होते. नियमाप्रमाणे दोन्ही एकच, असे मानून त्याने दुसऱ्या फाईलने पहिली झाकून टाकली. दोन्ही यंत्रे आपापल्या जागी बरोबर होती, आणि यादी गेली ती मधल्या मधे. सुदैवाने जुनी जागा रिकामी केलेली नव्हती. नक्कल होताच मूळ पुसून टाकण्याची सोय त्या प्रोग्रॅममध्ये आहे. आम्ही ती केवळ आळसाने लावली नव्हती, हेही कबूल करायला हवे.

तेव्हापासून आम्ही नुसती मोजणी करीत नाही, प्रत्येक फाईलचा ताळाही काढतो. त्यासाठी ‘शा-२५६’ ही रीत आहे. फाईल एका ओळीची असो की हजार पानांची, तिच्यातून ठरावीक लांबीची एक संख्या निघते. षोडशमान पद्धतीने लिहिली तर ती ६४ अंकांची असते. फाईलमधला एक अनुस्वार बदलला तरी ही संख्या पार बदलते. निघण्यापूर्वी सर्व फायलींच्या संख्या काढून ठेवायच्या, पोहोचल्यावर दुसऱ्याच प्रोग्रॅमने पुन्हा काढायच्या आणि दोन्ही याद्या जुळवायच्या. दुसरा प्रोग्रॅम का, तर कारकुनाने आपल्याच नकलेची रुजवात घेऊ नये म्हणून.

एवढे केले की नक्कल अस्सलाबरहुकूम आहे याची खात्री पटते. अस्सल खरे आहे का, हा प्रश्न मात्र ताळ्याच्या कक्षेत येत नाही. नंदुरबारमध्ये हा प्रश्न पुस्तकी नाही. शहादा-तळोदा भागात १९७१-७२ पासून अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या पुढाकाराने आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा लढा झाला. या जमिनी कागदावर रीतसर दुसऱ्यांच्या नावे चढलेल्या होत्या. त्या कागदांची कितीही बिनचूक नक्कल केली असती तरी ती त्याच नावांची झाली असती. पुढे आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातली हस्तांतरे त्याच्या कक्षेत आली.

राज्यातले सुमारे अडीच कोटी सातबारे संगणकावर आले तेव्हा हस्तलिखिताशी ते जुळेनात, अशा तक्रारी जागोजागी झाल्या. दुरुस्त्या झाल्या, आकारबंदाशी क्षेत्राचा मेळ घालण्यात आला. आणि २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम निघाली. छापलेले सातबारे घेऊन तलाठ्याने गावात बसायचे, एकेक मोठ्याने वाचायचा, आणि ज्याची जमीन त्याने ऐकायचे. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे मिळू लागले. जुन्या रुजवातीत दोन कारकून असत. इथे तिसरा माणूस आला, ज्याच्याबद्दल तो कागद आहे तो. प्रत्येक गावी हे वाचन मनापासून झाले असेल असे आम्ही म्हणणार नाही. सरकारी मोहिमांचे जे होते ते आपण जाणतोच.

आमची ती सापडलेली यादी मात्र आम्ही पुढच्या फेरीत छापून धडगावला नेली आणि एका पाड्यावर वाचली. ताळा जुळलेला होता, फायली २,३१४ च्या २,३१४ होत्या. सातव्या की आठव्या नावाला एक म्हातारी बाई म्हणाल्या, ‘ती विहीर त्याची नाही, माझी आहे.’ आमच्या हस्तलिखित वहीतही, पहिल्या दिवसापासून, ती त्यांच्या दिराच्या नावावर होती.