पुणे : नगरदर्शन व प्रवाससाधने

पुणे शहर मुळा व मुठा या नद्यांच्या संगमालगत, समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवर वसले आहे. कसबा पेठेपासून आरंभ झालेली ही वसती पश्चिमेस मुळशी तालुक्यातील हिंजवडीपर्यंत पोहोचली असून या दोन टोकांमधील रस्त्याचे अंतर सु. २० किमी. आहे. शहरात काय पहावे आणि तेथवर कसे जावे, हे दोन प्रश्न नवागताला एकदमच पडतात. पुण्यात त्यांची उत्तरे शहराच्या वाढीच्या क्रमातून मिळतात. वसती आधी आणि वाहन मागाहून, असा हा क्रम बहुतेक काळ राहिला. अंतरे लहान होती तोवर त्याचा जाच झाला नाही. हिंजवडीच्या उभारणीत मात्र त्याचे परिणाम तीव्रपणे प्रकट झाले.

पायी अंतराचे शहर : शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळात कसबा पेठेत उभारलेला लालमहाल आणि १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथे शायिस्ताखानावर घातलेला छापा यांमुळे या भागास इतिहासात स्थान मिळाले. मूळ महाल आज उरलेला नाही. त्या नावाची सध्याची वास्तू महानगरपालिकेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधली. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला आणि पेशव्यांच्या वास्तव्यामुळे पेठांची संख्या वाढत गेली. १८२८ च्या आगीत वाड्याच्या आतील इमारती नष्ट झाल्या. तट, दिल्ली दरवाजा, त्यावरील नगारखाना, जोती व कारंजी एवढे अवशेष राहिले.

शनिवारवाड्यापासून पर्वतीच्या टेकडीपर्यंतचे सरळ अंतर तीन किमी.हून कमी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी दुसऱ्या बाजीरावाने बांधविलेला विश्रामबागवाडा, शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि नदीपलीकडील राष्ट्रकूटकालीन पाताळेश्वर लेणे ही स्थळेही याच परिसरात येतात. पेठांची रचना पादचारी, पालखी, घोडा व बैलगाडी यांच्या मापाने झाली होती. त्यामुळे जुने पुणे पाहण्यासाठी एक दिवस व दोन पाय पुरेसे होत आणि ही सोय अजूनही पुष्कळ अंशी टिकून आहे. केळकर संग्रहालयातील दिवे, अडकित्ते, वाद्ये व घरगुती भांडी या वस्तू पाहताना त्याच गल्ल्यांतील वाड्यांचे जीवन समजते; त्या दृष्टीने ते पेठांच्या पायी फेरीचे स्वाभाविक अखेरचे स्थान ठरते.

लोहमार्ग, पूल व टांगा : खडकीच्या लढाईनंतर (१८१७) पुण्यात इंग्रजी सत्ता आली आणि पेठांच्या पूर्वेस लष्कराची छावणी वसली. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला. भोर घाटातील मार्ग १८६३ मध्ये पूर्ण होईपर्यंत मुंबईच्या प्रवाशांना घाटाचा टप्पा पालखीतून वा तट्टावरून ओलांडावा लागे. १ जून १९३० रोजी धावू लागलेल्या दख्खनच्या राणीने हे दोन्ही शहरांतील अंतर दैनंदिन कामाच्या आवाक्यात आणले.

रेल्वेस्थानक पेठांपासून दूर, छावणीच्या बाजूस झाल्याने शहरात टांगा आवश्यक ठरला. वानवडी येथील महादजी शिंदे (मृत्यू १७९४) यांची छत्री आणि नगर रस्त्यावरील आगाखान राजवाडा (१८९२) ही स्थळे पायी फेरीबाहेरची होती. आगाखान राजवाड्यात ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ या काळात महात्मा गांधी स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई व कस्तुरबा यांचा मृत्यू तेथेच झाला आणि त्यांच्या समाध्या तेथे आहेत. मुठेवरील पुलांनी पश्चिम तीर पेठांशी जोडला. फर्ग्युसन महाविद्यालय (स्थापना १८८५) पश्चिम तीरावरील आपल्या जागेत गेल्यानंतर आणि १९२३ मध्ये शनिवारवाड्याजवळील नवा पूल (पुढे शिवाजी पूल) खुला झाल्यानंतर डेक्कन जिमखाना परिसराची वाढ झाली.

सायकल व बस : या विस्तारलेल्या शहराचे खरे वाहन सायकल हे होते. विद्यार्थी, कारकून व कामगार यांना ती परवडे आणि अरुंद रस्त्यांतून सहज जाई. तासावर भाड्याने सायकल देणारी दुकाने चौकाचौकांत असल्याने परगावचा पाहुणाही तिचा लाभ घेई. ‘सायकलींचे शहर’ ही पुण्याची ओळख त्यातूनच रूढ झाली. १९४८ मध्ये १ जून रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) यांच्या दरम्यान धावली. १९५० मध्ये पुणे महानगरपालिका स्थापन झाली आणि शहरातील बससेवा, जी पूर्वी सिल्व्हर ज्युबिली मोटर्स ही खासगी कंपनी चालवीत असे, पुणे महानगरपालिका परिवहन (पी. एम. टी.) या सार्वजनिक उपक्रमाकडे आली.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांची मोठी हानी केली. विस्थापित कुटुंबांसाठी सहकारनगर, गोखलेनगर इ. नव्या वसाहती उभ्या राहिल्या आणि शहर पेठांच्या चौकटीबाहेर पसरू लागले. याच सुमारास पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना (१९५४) आणि त्यामागोमाग वाहननिर्मितीचे मोठे उद्योग आले. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० मध्ये, तर तिची स्वतंत्र परिवहनसेवा १९७४ मध्ये सुरू झाली. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा उपनगरी गाड्या धावू लागल्या. कारखान्यांच्या पट्ट्यातून जाणारा हा मार्ग कामगारांचा मुख्य आधार बनला. मात्र एकाच महानगराच्या दोन भागांत दोन परिवहनसंस्था राहिल्या व त्यांचे एकत्रीकरण २००७ मध्ये पुणे महानगर परिवहन महामंडळाच्या (पी. एम. पी. एम. एल.) रूपाने झाले. दरम्यान त्याच पट्ट्यातील आकुर्डीच्या कारखान्यात तयार होणाऱ्या स्कूटरने सायकलीची जागा घेतली. बसची प्रतीक्षा करण्यापेक्षा स्वतःची दुचाकी बरी, हा पुणेकरांचा निर्णय सेवेच्या अपुरेपणातून आला, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे.

हिंजवडी : हिंजवडी हे शेती करणारे गाव होते. ग्रामदैवत म्हातोबाच्या चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत हिंजवडीहून वाकडला बगाड नेण्याची प्रथा आहे. गावकऱ्यांच्या दृष्टीने या दोन गावांमधील वाट ही प्रथम देवाची वाट होय. विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे व शेजारच्या माण परिसरात राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान तीन टप्प्यांत विकसित केले. मुंबई-बंगळूर महामार्गाची जवळीक व मोकळी जमीन ही त्याची मुख्य कारणे होत. देशातील अग्रगण्य संगणक कंपन्यांनी येथे विस्तीर्ण कार्यालये बांधली, परंतु स्थानिक व्यवस्था दीर्घकाळ ग्रामपंचायतीच्या हाती राहिली आणि महामार्गाकडून येणारे मोजके रस्ते हेच प्रवेशमार्ग होते. कंपन्यांच्या बसगाड्या, महामंडळाच्या बस, सामायिक रिक्षा व खासगी मोटारी यांची गर्दी वाकडच्या पुलापासून शिवाजी चौकापर्यंत नित्याची झाली. तीच बगाडाची वाट. येथे नोकरीसाठी आलेला तरुण शहरात राहूनही शहरापासून दूर पडला. कामाच्या दिवसाचे कित्येक तास रस्त्यावर गेल्यावर सुटीच्या दिवशी शनिवारवाडा पाहण्यास निघण्याची उमेद फार थोड्यांना उरे.

सोलचे उदाहरण : शेतजमिनीवर नवे उपनगर वसविताना वाहतूक कोणत्या क्रमाने यावी, याचे बोधप्रद उदाहरण कोरियाच्या राजधानीत मिळते. सोलमधील हान नदीच्या दक्षिणेकडील गांगनाम हा भाग १९६३ मध्ये शहराच्या हद्दीत आला तेव्हा तेथे मुख्यतः शेती होती. १९६९ मध्ये नदीवर मोठा पूल झाला आणि १९७० मध्ये सोल-बुसान द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. सोलची भुयारी रेल्वे १५ ऑगस्ट १९७४ रोजी सुरू झाली आणि तिचा गांगनाममधून जाणारा दुसरा, वर्तुळाकार मार्ग १९८४ मध्ये पूर्ण झाला. उपनगराची वाढ अद्याप चालू असतानाच रेल्वे तेथे पोहोचली होती. १ जुलै २००४ रोजी सोलने बसमार्गांची फेररचना केली. लांब पल्ल्याच्या मुख्य मार्गांना निळा व स्थानिक मार्गांना हिरवा रंग देण्यात आला आणि बस व रेल्वे यांचे भाडे एकूण अंतरावर आकारण्याची पद्धत सुरू झाली. त्यामुळे वाहन बदलले तरी भाडे नव्याने मोजावे लागत नाही. भाषा न जाणणारा प्रवासीही त्या शहरात राजवाडे व बाजार पाहत एकटा फिरू शकतो, याचे श्रेय प्रेक्षणीय स्थळांइतकेच या व्यवस्थेला जाते. हिंजवडीत उलट घडले : उद्यान उभे राहून सु. दोन दशके लोटल्यावर, १८ डिसेंबर २०१८ रोजी, तेथील मेट्रोमार्गाची पायाभरणी झाली.

मेट्रो : पुणे मेट्रोचे पहिले टप्पे ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले. १ ऑगस्ट २०२३ रोजी ते दिवाणी न्यायालय व रुबी हॉलपर्यंत वाढले आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी भाग खुला झाला. कसबा पेठ व मंडई ही स्थानके या भागात असल्याने भुयारातून जुन्या शहराच्या मध्यभागी पोहोचता येते. हिंजवडीचा मार्ग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने खासगी भागीदारीतून हाती घेतला. सु. २३ किमी. लांबीचा व २३ स्थानकांचा हा उन्नत मार्ग माण-हिंजवडीपासून वाकड, बालेवाडी, बाणेर व विद्यापीठ चौक यांवरून दिवाणी न्यायालयापर्यंत आखलेला आहे. त्याच्या बांधकामासाठी विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० मध्ये पाडावा लागला. वसतीनंतर वाहनाचा विचार केल्यास झालेले कामही मोडावे लागते, याचे हे ठळक उदाहरण होय.

नगरदर्शन : महानगर परिवहन महामंडळाची ‘पुणे दर्शन’ बस नवागतास मुख्य स्थळे एका दिवसात दाखविते. तिचा उपयोग निःसंशय आहे. तथापि अशा फेरीत स्थळे दिसतात, त्यांमधले शहर निसटते. दिवाणी न्यायालयाच्या स्थानकात हिंजवडीकडील मार्ग इतर दोन मार्गांना मिळतो, हे आखणीतील सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य आहे. तेथून कसबा पेठ हे पुढचेच स्थानक असून त्यानंतरचे नगरदर्शन पायीच करावे लागते. जुन्या शहराची रचना ज्या मापाने झाली, त्या मापानेच ते समजते. हिंजवडीच्या कर्मचाऱ्याला, तसेच बगाड ओढणाऱ्या गावकऱ्याला, स्वतःचे वाहन नसतानाही पेठांपर्यंत जाऊन संध्याकाळी घरी परतता येणे ही सोय केवळ पर्यटनाची नाही. या महानगराचा रहिवासी कोणास म्हणावे, हे पुष्कळ अंशी तिच्यावर अवलंबून आहे.